खाटेची वाहतूक

दावाओहून आला होता रोदेल,
केळीच्या घडाला निळी पिशवी कशी घालावी ते शिकवायला.
सावद्याच्या फ्रूटसेल सोसायटीत त्याला चहा दिला आम्ही.
बशीतून पिता येईना, हसला, शर्ट भिजवला.
तेवढ्यात काकांची खाट आली.

इच्छाराम डोंगर वायकोळे.
चौथ्या वर्षी ताप आला आणि कंबरेखालचं शरीर घेऊन गेला.
बावन्न वर्षं तोलकाट्याचा हिशोब त्यांच्या मांडीवर.
व्हीलचेअर होती. काळ्या मातीत चाकं रुततात,
म्हणून चार जण खाट उचलत,
बांधावरून, ठिबकच्या नळ्या ओलांडत,
जिथे कटाई चालू असेल तिथे.
व्यापारी दांडा किती कापतो, कट्टी किती लावतो,
हे एक माणूस आडवा पडून पाहत असे
आणि उभी माणसं घाबरत.

रोदेल उठला. खिसा उपसला.
दहा पेसोंचं नाणं ठेवलं वहीवर.
म्हणाला, हा आमचा. मबिनी. ह्याचेही पाय गेलेले.

दुभाषा मी होतो:
गरिबाघरचा, वकिली शिकला,
बंडाच्याच वर्षी लुळा पडला.
स्पेनवाल्यांनी धरलं, लुळा म्हणून मारलं नाही.
पुढे क्रांतीच्या पुढाऱ्यानं बोलावलं
तेव्हा झोळीत घालून नेला, गावागावांनी खांदे बदलत.
बसल्या जागेवरून कायदे लिहिले, पहिला प्रधानमंत्री झाला.
मग अमेरिकेचे आले. त्यांची शपथ घेईना,
तर दोन वर्षं ग्वाम बेटावर.
शेवटी घेतली, घरी आला,
तीन महिन्यांत पटकीनं गेला. अडतीस वर्षांचा.
लोक कुजबुजत, बाईचा रोग होता.
सत्त्याहत्तर वर्षांनी हाडं उकरून तपासली.
पोलिओ निघाला.

काकांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.
"आपल्याकडे ती सोय नाई भो. जाळून टाकतात.
मागच्या जल्माचं पाप म्हने,
सासूपासून पोस्टमनपर्यंत समद्यांनी आईला ऐकवलं.
तिनं कोनती हाडं दाखवायची?"

मग नाणं उलटंपालटं केलं,
समोरच्या सोनाराकडे पाठवून तोलून आणलं. आठ ग्रॅम.
सवयच ती.
आणि विचारलं,
"झोळी कोनी कोनी उचलली? नावं काय त्यांची?"

रोदेल फोनमध्ये शोधत राहिला.
पुतळे सापडले, रस्ते सापडले,
नदीकाठचं जपून ठेवलेलं घर सापडलं.
चहाचे कप कोणीतरी उचलून नेले.
तो अजून शोधत होता.

त्या रात्री काकांनी कोरी वही मागितली.
वर लिहिलं: खाटेची वाहतूक.
खाली, आठवेल तसं, वळणदार अक्षरात:
लुकमान तडवी, सुपडू कोळी, गुमान बारेला,
गुमानचा भाऊ (नाव विचारावे),
भिका सपकाळे, पाय मुरगळला तरी त्या दिवशी आला,
वाघोद्याचा एक ड्रायव्हर, एकदाच, पुरात.
एकशे सोळा नावं, तीन आठवडे लागले.
गुमानच्या भावाचं नाव कळलं, वरती खोडून लिहिलं: रेमसिंग.
आणि पहिल्या पानावर, मागाहून, समासात कोंबलेलं:
सुंदाबाई डोंगर वायकोळे,
पाठीवर, शाळेपर्यंत, सहा वर्षं.
मजुरी: बाकी.

शेवटच्या पानावर चार ओळी आखून रिकाम्या ठेवलेल्या.
मी विचारलं, ह्या कोणाच्या?
म्हणाले, घाई काय.

परवा नदीवरून आलो, अंघोळ केली,
ओल्या केसांनीच वही उघडली.
तिसऱ्या ओळीत माझं नाव आलं.
पेन झिजलेलं, दोनदा गिरवावं लागलं.
पान पंख्यानं उडत होतं,
त्यावर ते नाणं ठेवलं.